उस्ता शहाताचं सरकारमान्य नाक

कचेरीवाल्यांनो, तुम्ही त्या माणसाला नाकाने श्वास घ्यायचा लेखी हुकूम दिलात. नाक चालू आहे का, हे विचारलं नाहीत. तुमच्या अर्जात एकतीस रकाने आहेत. आजोबांच्या जन्मगावाचा आहे, आईच्या पहिल्या नवऱ्याचाही आहे. नाकाचा नाही. तेव्हा पुढे जे झालं ते तांत्रिक अडचणीमुळे झालं, असं म्हणू नका. ते तुम्ही केलंत. कोणत्या मजल्यावर बसून केलंत तेही मला ठाऊक आहे. पण एका मजल्याचं नाव घेतलं की तुम्ही दुसऱ्याकडे बोट दाखवता, म्हणून मी अख्खी इमारतच धरतो.

शहाता अबुल-इला असयूत ते कैरो वाळवंटी रस्त्यावर प्रवासी बस चालवतो, म्हणून सगळे त्याला उस्ता म्हणतात. वय एक्कावन्न, मान आखूड, पोट पुढे. घोरणं असं की खालच्या मजल्यावरचा न्हावी सकाळी दुकान उघडताना आधी वर कान लावायचा. घोरणं थांबलं म्हणजे सहा वाजले. पण ते घोरणं म्हणजे झोप नव्हती. झोपेत त्याचा घसा मिटायचा आणि श्वास अडकायचा, तासाला चाळीस वेळा. रात्रभर तो नुसता आडवा पडून बुडायचा आणि वर यायचा. मग दिवसा स्टिअरिंगवर डोळा लागायचा. गेल्या हिवाळ्यात मिनियाच्या अलीकडे त्याची बस रस्ता सोडून वाळूत शिरली आणि आपोआप थांबली. कुणाला खरचटलंही नाही. प्रवाशांना वाटलं, नमाजासाठी थांबवली. दहा-बारा जण खाली उतरून वजूसाठी पाणी शोधू लागले. शहाता स्टिअरिंगवर कपाळ टेकून झोपला होता.

कंपनीने त्याला वाहनचालक निद्रा नियंत्रण कचेरीत धाडलं. कचेरीने यंत्र दिलं: नाकावर मास्क, मास्कला नळी, नळीला डबा. डबा रात्रभर हवा ढकलतो आणि घसा मिटू देत नाही. डब्यात एक कार्ड असतं, ते तास मोजतं. नियम असा की तीसपैकी एकवीस दिवस, दर दिवशी किमान चार तास वापर दिसला पाहिजे. नाही दिसला तर यंत्र परत, आणि यंत्राबरोबर मोठी गाडी चालवायचा परवानाही परत. शहाताला दुसरं काहीही येत नाही. तीन पोरी आणि बायको त्या परवान्यावर जेवतात, आणि त्याच्या मागे बसणारे चव्वेचाळीस जण त्याच्या झोपेवर जगतात.

पहिले दहा दिवस यंत्राने कमाल केली. अकराव्या सकाळी त्याने बायकोला हलवून उठवलं.

"इनशिराह, मला स्वप्न पडलं!"

"काय पडलं?"

"एक बैल. नुसता उभा होता."

"बैल बघायला मला उठवलंत?"

"अगं, पण शेवटपर्यंत पडलं! बारा वर्षांत पहिल्यांदा पूर्ण पडलं!"

त्याच दुपारी खमासीन वारा सुटला. आमच्याकडे वसंत ऋतू असा येतो: आकाश पिवळं होतं, दाताखाली वाळू करकरते, आणि बंद कपाटातल्या धुतलेल्या गलाबियाही झटकून घालाव्या लागतात. शहाताचं नाक दोन्ही बाजूंनी बंद झालं. यंत्र हवा ढकलत राहिलं, हवेला दार बंद मिळालं, ती मास्कच्या कडांमधून शिट्ट्या मारत बाहेर आली. डोळे सुजले, पोरी उठून बसल्या. तासाभरात त्याने मास्क उपटून फेकला. इनशिराहने पेरूच्या पानांचा काढा दिला, बडीशेपेची वाफ दिली, काळ्या जिऱ्याचं तेल नाकात सोडलं. नाकाने तेलही परत केलं. कार्डावर नोंद झाली: एक तास चार मिनिटं. रुग्ण असहकार करतो.

तो कचेरीत गेला. यंत्राच्या खिडकीवर मदाम सुहेर बसतात. त्या मुलुखियाच्या भाजीची पानं खुडत होत्या.

"मदाम, नाक चोंदलंय. मास्क लावला की गुदमरतो."

"ही यंत्राची खिडकी आहे. नाक दुसऱ्या मजल्यावर."

"पण यंत्र नाकालाच लावायचं ना?"

"लावायचं तुम्ही. आम्ही फक्त द्यायचं."

"डॉक्टर म्हणाले, यंत्राला गरम वाफेची टाकी जोडली तर नाक मोकळं राहील."

"मिळते ना टाकी! रोज चार तास वापर आहे त्यांना मिळते."

"अहो, चार तास वापरता आलं असतं तर टाकी मागायला आलो असतो का?"

मदामनी पान खाली ठेवलं आणि पेन उचललं. "म्हणजे टाकीची गरज नाही, असं लिहू?"

"मग तोंडावरून बसणारा मोठा मास्क तरी द्या. तोंडाने घेतो श्वास."

"तो तोंडाने श्वास घेणाऱ्या वर्गासाठी आहे. तुमची नोंद नाकवाल्यांत आहे. वर्ग बदलायचा तर नाक कायमचं गेल्याचा दाखला आणा, गरुडाच्या सरकारी शिक्क्यासकट."

गरुडाचा शिक्का पडला नाही तर आमच्याकडे माणूस मेलेलाही धरत नाहीत. त्याचं नाक कोण धरणार? शहाता दुसऱ्या मजल्यावर गेला. तिथे डॉक्टर मुहेब होते. त्यांनी बॅटरी लावून नाकात पाहिलं आणि वैतागले.

"यात काहीच दिसत नाही."

"बंद आहे म्हणून तर आलोय, डॉक्टरसाहेब."

"पण बंद नाक तपासणार कसं? मोकळं करून आणा."

"फवारा द्या, म्हणजे मोकळं होईल."

"फवारा निदानानंतर मिळतो."

शेवटी माणुसकी म्हणून डॉक्टरांनी मधला मार्ग काढला आणि प्रकरण तिघांच्या नासिका समितीकडे पाठवलं. समितीने चौथ्या दिवशी त्याला उभं करून दोन्ही नाकपुड्या पाहिल्या आणि एकमताने ठरवलं की त्या दोन नाकपुड्या नसून दोन वेगवेगळी प्रकरणं आहेत. डावीकडचं हाड लष्करात असताना चेंडू लागून वाकलं होतं. म्हणून डावी नाकपुडी लष्कराची. उजवी धुळीने बंद झाली, म्हणून ती कचेरीची, पण धूळ सिद्ध व्हायला हवी.

"धूळ सिद्ध?" शहाता म्हणाला. "खिडकीतून बघा ना, समोरची मशीद दिसत नाहीये!"

"उस्ता, समिती खिडकीतून बघत नसते," अध्यक्ष म्हणाले, आणि समितीच्या कारकुनाने टेबलावरची वाळू रुमालाने पुसली.

हवामानवाल्यांनी दाखला दिला. त्यात विमानतळावर धूळ असल्याचं स्पष्ट लिहिलं होतं. शहाता विमानतळावर झोपत नसल्यामुळे तो समितीने फेटाळला. तरीही उदार होऊन उजव्या नाकपुडीसाठी एक फवारा मंजूर केला.

"आणि चुकून डावीत गेला तर?"

"तर सरकारी औषधाचा अपहार. सही करा."

पंधरा दिवस संपले होते. एकवीसपैकी दहाच भरले होते. शहाता परत खाली आला तेव्हा त्याच्या डोळ्यांखाली टायरचे पट्टे उमटल्यासारखे दिसत होते. मदाम सुहेरना खरोखर दया आली. माणूस म्हणून त्या वाईट नाहीत, कचेरीत कुणीच वाईट नाही, हेच तर भयंकर आहे. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली केला.

"तुमच्याकडे भाकरीच्या रेशनकार्डावर भाकरी कोण आणतं?"

"कधी इनशिराह, कधी पोरी. शेजारीण जात असली तर तिच्याकडेच देतो कार्ड."

"भट्टीवाला विचारतो का, कार्डावरचं पोट कुठंय?"

"नाही."

"मग! हेही कार्डच आहे, उस्ता. कार्डाला नाक नसतं."

घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा सगळ्यांचे डोळे सासूकडे गेले. हज्जा बहिया, वय चौऱ्याहत्तर, काडीसारखी बारीक. आयुष्यात कधी शिंकलीही नाही. सगळं घर धुळीने खोकत होतं आणि ती दुसऱ्या खोलीत बसून शेजारच्या इमारतीत कोण कांदा तळतंय ते सांगत होती.

"अम्मा, थोडे दिवस तुमचं नाक लागेल," शहाता म्हणाला.

"घे बाबा. माझी पोरगी नेलीस, माझी खोली घेतलीस, आता नाक तेवढं राहिलं होतं."

"आई, नाकाला नळी लागेल हं," इनशिराह म्हणाली.

"लागू दे. तुझ्या नवऱ्याचं घोरणं अकरा वर्षं ऐकलं, आता त्याच्या वाटणीचं झोपूनही दाखवते."

दुपारच्या नमाजानंतर हज्जा मास्क लावून आडवी व्हायची. कार्डाला दिवस-रात्र कळत नाही, तास कळतात. हज्जा रोज पाच तास झोपायची, ढिम्म, आणि उठून म्हणायची, "अलेक्झांड्रियाच्या किनाऱ्यावर निजल्यासारखं वाटलं." तेवढ्या वेळात शहाता कैरोच्या रस्त्यावर मांडीला चिमटे काढत बस हाकत असायचा. महिना भरला. पंचवीस दिवस पूर्ण. परवाना वाचला. घरात कबुतरं भरून शिजवली.

आठवड्याने कचेरीतून बोलावणं आलं. संचालक उस्ताज वग्दी स्वतः उभे राहून भेटले, त्यांनी चहा मागवला. टेबलावर कार्डाचा कागद होता. शेवटच्या पंधरा दिवसांत तासाला श्वास अडकला किती वेळा? शून्य.

"मबरूक, उस्ता! कचेरीच्या इतिहासातला पहिला पूर्ण बरा झालेला रुग्ण! आता यंत्राची गरजच उरली नाही. ते परत घेतोय, आणि हा घ्या दाखला. निद्रादोषमुक्त चालक. बसच्या काचेवर लावा."

हिरवा कागद, त्यावर गरुड. शहाताने तो हातात घेतला आणि खाली बसला. आता वारा पडला होता, नाक मोकळं झालं होतं. यंत्र परत लावून झोपायचं एवढंच त्याने मनात धरलं होतं. तो प्रामाणिक माणूस. त्याने सगळं सांगून टाकलं.

"साहेब, ती माझी सासू होती."

"कोण?"

"शून्यवाली. मी अजून बुडतोच आहे झोपेत. काल बनी मज़ारपाशी दोनदा डोळा लागला. परवाना ठेवायचा तर ठेवा, काढायचा तर काढा, पण यंत्र द्या. नाहीतर मला गाडीवर बसू देऊ नका. मी लिहून देतो."

उस्ताज वग्दींनी चहाचा पेला सरकवला. त्यांचा चेहरा दुखावल्यासारखा झाला.

"तुमच्या सासूबाई आमच्या रुग्ण नाहीत. त्यांचं नाक आमच्या नोंदीत नाही. नोंदीत नसलेलं नाक नोंदीतल्या कार्डावर श्वास कसा घेईल?"

"मग माझी पुन्हा तपासणी करा!"

"जरूर. तुमची झोप बिघडल्याचा पुरावा आणा."

"कुठून आणू?"

"यंत्राच्या कार्डावरून."

"यंत्र तर तुम्ही घेतलंत!"

"बरे झालात म्हणून. उस्ता, शिक्का पडला आहे. मी हा खोटा म्हटलं तर मागचे सगळेच तपासावे लागतील." मग मायेने म्हणाले, "घरी जा. झोपा जरा. थकलेले दिसता."

दुसऱ्या दिवशी कंपनीने त्याची एक फेरी वाढवली. इतका तंदुरुस्त चालक दुसरा नव्हता.

परवा दुपारी तीनची असयूत-कैरो भरून निघाली. प्रवाशांनी चढताना काचेवरचा हिरवा कागद वाचला, एकाने तर मोठ्याने वाचून बायकोला ऐकवला. मग सगळ्यांनी खुर्च्या मागे पाडल्या. शहाताने अर्धं लिंबू दातात धरलं, गालावर चापट मारली आणि पहिल्या रांगेतल्या गृहस्थाला म्हणाला, "भाऊ, जरा बोलत राहा माझ्याशी. काहीही बोला. शिव्या घाला हवं तर."

"उस्ता, पुढे बघून चालवा की," गृहस्थ डोळे मिटत म्हणाला. "आम्हाला झोपू द्या."

तो गृहस्थ कोण, मला माहीत नाही. वाचकहो, तुम्हीही असाल. वरच्या आरशात तुम्हाला चालकाचे लाल डोळे दिसले होते, जांभई दिसली होती, लिंबू दिसलं होतं. आणि काचेवरचा कागदही दिसला होता. तुम्ही दोन्ही बघितलंत आणि मान टेकलीत. कचेरीला मी विचारून पाहिलं, ती मला दुसऱ्या मजल्यावर पाठवते. म्हणून तुम्हाला विचारतो. तो शिक्का कचेरीने मारला खरा, पण तो कुणाला झोप यावी म्हणून मारला होता? बस बनी मज़ारपाशी आली आहे. डोळे उघडा आणि उत्तर द्या.