जंतूंचा चारा

आप्पाराव सकाळी आत गेले, की झरी गावातल्या त्या घराचा सगळा कारभार ठप्प व्हायचा. घरात संडास एकच, आणि त्यावर पहिला मान वडीलधाऱ्याचा. बाहेर त्यांचा मुलगा शिवप्रसाद एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत उभा असे. तो परभणीच्या एका शाळेत मास्तर होता आणि प्रार्थना त्याच्यासाठी थांबत नसे.

"आप्पा, झालं का? मव्ही शाळा हाय!"

"तुव्ही शाळा हाय, मव्ही परीक्षा हाय. गप उभा राह्य," आतून दमलेला आवाज येई.

परीक्षेचा निकाल रोज तोच. आप्पाराव घाम पुसत बाहेर येत, "आज जरा हलकं वाटायलंय" अशी थाप मारत आणि चहात टोस्ट बुडवायला बसत. एकेकाळी हाच माणूस ज्वारीच्या भाकरीवर कांदा फोडून, अंबाडीच्या भाजीशी खाऊन वावरात जायचा आणि पोट नावाचा अवयव आपल्याला आहे हे त्याच्या ध्यानातही नसायचं. मग जमीन बटईनं दिली, मुलाला नोकरी लागली आणि घरात सुबत्ता आली ती टोस्ट, खारी आणि पाव घेऊन. ती पोटात गेली आणि तिथंच मुक्काम ठोकून बसली.

सून पंकजा परभणीला अन्नशास्त्र शिकलेली होती. तिला सातवा महिना लागला होता. डॉक्टरना विचारून तिनं स्वतःसाठी एक डबा मागवला होता, त्यात चिकोरीच्या मुळापासून काढलेली पांढरी पूड होती. चवीला किंचित गोड, आणि चहा-पाण्यात टाकली की दिसेनाशी होणारी. एक दिवस तिनं तो डबा सासऱ्यांपुढं ठेवला.

"आप्पा, हे औषध न्हाई. हे फायबर हाय, वनस्पतीतले तंतू. आपल्याला ते पचत न्हाईत, तसेच खाली मोठ्या आतड्यात जातात. तिथं चांगले जंतू राहतात, त्यांचं हे खाणं. ते धडधाकट झाले की पोट ताळ्यावर येतं."

"म्हंजे खायाचं मी, आन् जेवणार जंतू?"

"हो, तसंच."

"आन् ते जंतू आत्ता मव्ह्या पोटात हायेत?"

"करोडो हायेत, आप्पा."

भर चावडीवर कुणी अब्रू काढावी तसा आप्पारावांचा चेहरा झाला. "आमच्या घराण्यात कुणाच्या पोटात जंतू नव्हते. मी बैलं पाळली, म्हशी पाळल्या. आता ह्या वयात जंतू पाळून त्यांना चारा घालू व्हय? उचल तो डबा!"

"सुरवातीला अर्धाच चमचा घ्यायचा असतो," पंकजा चिकाटीनं सांगत राहिली. "मग हळूहळू वाढवायचा, पाणी भरपूर प्यायचं. एकदम जास्ती झालं तर जंतू आत नुसता धुडगूस घालतात. लय गॅस होतो." पण तोवर आप्पाराव अंगणात पोचले होते आणि सासूबाई कोकिळाबाई पोळ्या लाटण्यात गुंतल्या होत्या. घरातलं सगळ्यात कामाचं वाक्य असं वाऱ्यावर गेलं.

तसं ते एरवी गेलं असतं तरी चाललं असतं. पण पंकजाच्या ओटीभरणाचा दिवस जवळ आला होता, आणि त्यासाठी पोखर्णीहून तिचे वडील तात्याराव येणार होते. ही गोष्ट साधी नव्हती.

लग्नात आहेराच्या वेळी तात्यारावांनी व्याह्यांना टॉवेल-टोपी दिली होती. टोपी चांगल्या दुकानातली होती, पण आप्पारावांचं डोकं त्या दुकानदारानं कधी पाहिलेलं नव्हतं. ती डोक्यावर नुसती टेकली. शहाण्या माणसानं ती गुमान खिशात घातली असती. पण आप्पारावांच्या जिभेला हाड नाही. त्यांनी भर मांडवात ती टोपी आपल्या गुडघ्यावर चढवून पाहिली आणि मोठ्यानं म्हणाले, "इवाई, हितं बी बसंना की!" सगळा मांडव हसला, तात्याराव तेवढे हसले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी झरीच्या वाटेवर पाऊल टाकलं नव्हतं. लेक पोखर्णीला जाऊन भेटायची आणि डोळे पुसत परत यायची.

या खेपेला मात्र तिनं बापाला फोनवर बजावलं, "तुमी आला न्हाईत तर मी ओटीच भरून घेणार न्हाई." मग ती सासऱ्यांकडे वळली. "आप्पा, तुमी फक्त एवढंच म्हणा, 'इवाई, टोपीचं मव्हं चुकलं.' त्याच्या पुढं एक शब्द बोलू नका. लेकराला दोन्ही आजे पाहिजेत."

आप्पारावांचा सुनेवर फार जीव. त्यांना लेक नव्हती, ती हौस त्यांनी पंकजावर भागवली होती. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "म्हणतो, पोरी. दुसऱ्या कुणासाठी म्हणलो नसतो, तुव्ह्यासाठी म्हणतो."

इकडे डब्याची गोष्ट संपलेली नव्हती. नवऱ्याचा हट्ट मोडायचा नसतो, त्याला वळसा घालून जायचं असतं, हे कोकिळाबाईंना एवढ्या वर्षांच्या संसारानं शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशीपासून नवऱ्याच्या चहात त्या गुपचूप एक चमचा पूड टाकू लागल्या, तोही शिगोशीग.

"चहाला लय गोडी आलीय गं आजकाल," आप्पाराव मिटक्या मारत म्हणाले.

"मायेची हाय ती," कोकिळाबाई म्हणाल्या, आणि ते खोटंही नव्हतं.

पंकजानंही हार मानली नव्हती. संध्याकाळच्या ताकात ती अर्धा चमचा मिसळू लागली. शिकलेली पोर, तिनं मापानंच टाकला. सकाळच्या चहाची मात्र तिला खबर नव्हती. आणि दुपारी दोघी जरा लवंडल्या, की खुद्द आप्पाराव मांजराच्या पावलांनी स्वयंपाकघरात शिरत. जंतूंना कितीही नावं ठेवली तरी रोज नापास होऊन माणूस थापा तरी किती मारणार? ते तळहातावर पूड घेत आणि सातूच्या पिठासारखा तोंडात बकणा भरत. मापबीप त्यांना कुठलं ठाऊक, वावरात खत फेकलेला तो हात.

डबा भराभर खाली जाऊ लागला. 'पोटुशी लेकरू हाय, खाऊ दे,' असं कोकिळाबाईंनी मनाशी म्हटलं. पंकजाला वाटलं, सासूबाईंनीच खायला सुरवात केली असावी, सांगायला लाजत असतील. आप्पारावांनी तर आपण खाल्लेलं सोडून उरलेल्याचा आळ उंदरांवर घेतला.

थोड्याच दिवसांत शिवप्रसादला संडास वेळेवर मिळू लागला आणि तो प्रार्थनेला पहिल्या रांगेत दिसू लागला. पण आप्पारावांच्या पोटानं आता वेगळाच धंदा सुरू केला होता. आधी नुसती गुडगुड होती, मग त्या गुडगुडीला वाट सापडली. पारावर त्यांच्या शेजारी बसलेल्या माणसांना एकेक करून घरची कामं आठवू लागली. आप्पारावांनी स्वतःच निदान केलं, की पोटात वारं धरलं म्हणजे पोट अजून साफ झालेलं नाही. आणि पोट साफ करायचा इलाज तर घरातच होता. त्यांनी बकणा दुप्पट केला.

ओटीभरणाच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं. आत बायकांनी पंकजाला हिरवी साडी नेसवून, फुलांनी मढवून पाटावर बसवलं होतं. तात्याराव आले ते चपला काढतानाच खाली बघत. त्यांची बायको कस्तुराबाई "कशा हाव इनबाई?" करत थेट आत गेली. ओसरीवर सतरंजीच्या एका टोकाला तात्याराव बसले, दुसऱ्या टोकाला आप्पाराव, आणि मध्ये, दोन गावांच्या शिवेवरल्या दगडासारखा, शिवप्रसाद.

"पाऊस?" आप्पारावांनी विचारलं.

"बरा हाय."

"सोयाबीन?"

"हाय."

आप्पारावांची अवस्था फार नाजूक होती. सकाळच्या चहानं आणि कालच्या बकण्यानं आत जत्रा भरवली होती आणि ते सगळं अंग मुठीत धरून बसले होते. एवढी माणसं, त्यात रुसलेला व्याही; इथं जर काही निसटलं, तर गुडघ्यावरची टोपी बरी होती असं म्हणायची पाळी येणार. त्यांनी चोरून पलीकडे पाहिलं. तात्याराव एका अंगावर रेलून, ओठ घट्ट मिटून बसले होते. कपाळावर घाम होता. मांडीवर एक पिशवी होती आणि ती त्यांनी दोन्ही हातांनी आवळली होती. 'राग काही गेला न्हाई बाबाचा,' आप्पारावांना वाटलं.

आत बायकांची गाणी चालली होती तोवर निभावलं. गाणं सरलं की बोलायचं, म्हणजे शब्द नीट ऐकू जातील, असं आप्पारावांनी ठरवून ठेवलं होतं. गाणं सरलं. फोटो काढायला म्हणून आत सगळ्या गप्प झाल्या. आप्पाराव सावरून बसले, घसा साफ केला आणि म्हणाले, "इवाई, टो..."

तेवढ्यात आवाज आला. चांगला लांबलचक, जुन्या फाटकाला तेल नसावं तसा.

शिवप्रसादनं सवयीनं बापाकडे पाहिलं. दारातून डोकावणाऱ्या कोकिळाबाईंनीही तिकडेच पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. आप्पाराव मात्र थक्क होऊन बसले होते. कारण त्यांनी स्वतःला अजून पक्कं धरून ठेवलं होतं. तो आवाज त्यांचा नव्हता.

त्यांनी हळूच मान वळवली. तात्यारावांचा चेहरा लालबुंद झाला होता, डोळे भिंतीवरल्या कॅलेंडरवर खिळले होते. आप्पारावांच्या जिभेच्या टोकावर एक वाक्य येऊन उभं राहिलं. टोपीच्या वाक्याहून ते सरस होतं, परभणीपर्यंत गाजलं असतं. पण तो घाम, ते आवळलेले ओठ, ते एका अंगावर रेलणं! अरे, हा राग नव्हे, हा तर आपलाच जोडीदार! आप्पारावांना त्या माणसाची मनापासून कणव आली. पाटावर बसलेली सूनही आठवली.

"माफ करा, इवाई," ते मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मव्हं पोट हाय ते. सूनबाईची पावडर खायलोय चोरून. इज्जत गेली बगा मव्ही."

तात्यारावांनी कॅलेंडरवरची नजर काढून व्याह्यांकडे पाहिलं.

"न्हाई, इवाई. तुमी कामून अंगावर घ्यायलाव? मव्हा हाय तो."

"छ्या! मव्हा हाय!"

"मी सांगायलोय ना, मव्हा हाय!"

"घर मव्हं, ओसरी मव्ही, आन् तुमचा कसा होईल? मव्हाच हाय!"

आत पंकजाच्या कानावर गेलं ते एवढंच, की बाप आणि सासरा 'मव्हा, मव्हा' करून भांडतायत. ती फुलांसकट, पदरातली ओटी सांभाळत बाहेर धावली. "आप्पा! तात्या! आजच्या दिवशी तरी भांडू नका हो! काय हाय ते अर्धं-अर्धं घ्या!"

शिवप्रसाद हसून हसून सतरंजीवर आडवा झाला. त्याच धामधुमीत आप्पारावांची मूठ सुटली आणि त्यांच्या पोटानंही आपली हजेरी लावली. आता कुणाचं काय, हा वादच उरला नाही.

मग एकेक पाप बाहेर आलं. कोकिळाबाईंनी चहाचं सांगितलं, पंकजानं ताकाचं. कस्तुराबाई चाचरत म्हणाल्या, "पंकूनं मला बी एक पुडी धाडली होती. ह्यांना तसलीच तकलीफ, आन् दवा म्हणलं की अंगावर येतेत. मग मी भाजीत टाकायले. आज सकाळी जरा जास्ती पडली. म्हणलं, इवायाच्या घरी जायचंय, पोट साफ आसलेलं बरं."

"अर्धा चमचा म्हणलं होतं मी! अर्धा!" पंकजानं कपाळाला हात लावला, पण हसू तिला आवरेना. "आता ती पावडर बंद. दोघांनी बी कांदा-भाकर खायाची, अंबाडी खायाची. जंतूंना त्यातच लय मिळतं."

"आन् टोस्ट?" आप्पारावांनी विचारलं. पंकजानं डोळे वटारले. त्यांनी सुस्कारा टाकला आणि व्याह्यांकडे वळून, राहिलेलं एकदाचं म्हणून टाकलं. "इवाई, टोपीचं मव्हं चुकलं."

तात्यारावांनी मान हलवली. मांडीवरची पिशवी उघडली आणि आतून एक नवीकोरी पांढरी टोपी काढली. "लग्नापासून मनाला लागून होतं. दुकानदाराला म्हणलं, तुह्याकडं हाय ती सगळ्यात मोठी दे." असं म्हणून त्यांनी आपल्या हातानं ती आप्पारावांच्या डोक्यावर ठेवली.

टोपी खाली आली. कपाळावरून आली, भुवयांवरून आली, डोळे झाकून नाकावर येऊन टेकली. शिवप्रसादनं डोळे मिटून घेतले. कोकिळाबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला. पंकजा श्वास रोखून त्या टोपीखालच्या जिवणीकडे बघत राहिली.

टोपीच्या आतल्या अंधारात आप्पारावांना एक फर्मास वाक्य सुचलं. ओठापर्यंत आलंसुद्धा. त्यांनी ते गिळलं.

"बराबर बसली, इवाई," ते म्हणाले. "लय बराबर बसली." आणि व्याह्यांचा हात हातात घ्यावा म्हणून चाचपडत त्यांनी शिवप्रसादचा गुडघा प्रेमानं घट्ट धरला.