निकम काकांचा ब्लॉक

निकम काका कॉम्प्युटर दुरुस्त करायला आले की खुर्चीवर बसायच्या आधी मॉनिटरला लाल फडकं बांधतात. पिशवीतून काढतात, एकदा झटकतात, नीट गाठ मारतात आणि घरातल्या सगळ्यांकडे वळून बजावतात, "ब्लॉक घेतलाय. आता कोणी हात लावायचा नाय." मग चष्मा पुसून कामाला लागतात.

काका आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत आमच्याच वरच्या फ्लॅटमध्ये राहतात, एकटे. सगळी नोकरी मनमाडला रेल्वेत झाली. यार्डात मालगाडीचा डबा घसरला की तो पुन्हा रुळावर चढवायचा, हे त्यांचं काम. तसं काम चालू असताना डब्याखाली माणसं असतात, म्हणून लाल झेंडा लावतात आणि त्या रुळावरून गाडी सोडत नाहीत. त्यालाच ब्लॉक म्हणतात. निवृत्त झाल्यावर घसरलेले डबे मिळेनात, म्हणून काकांनी अडकलेली अपडेट्स हाती घेतली. कॉम्प्युटर स्वतःला सुधारायला निघतो, मध्येच फायली खराब होतात आणि मग तो धड पुढे जात नाही की मागे येत नाही. असा कॉम्प्युटर दिसला की काकांचा चेहरा उजळतो. व्हायरस, प्रिंटर, इंटरनेट असल्या फुटकळ तक्रारी घेऊन मात्र त्यांच्याकडे जायचं नाही. "ते माझं डिपार्टमेंट नाय," म्हणून दारातूनच परत पाठवतात.

आमची त्यांची ओळख सासूबाईंमुळे झाली. आम्ही त्यांना माई म्हणतो. मी शाळेत शिकवते. एकदा नववीच्या प्रश्नपत्रिका तयार करून मी भाजी आणायला गेले आणि मागे कॉम्प्युटरने अपडेट घ्यायला सुरुवात केली. समोर कोणी बसलेलं नाही आणि पडद्यावर नुसतं एक गोल चक्र फिरतंय, हे माईंना बघवेना. त्यांनी देवापुढे दिवा लावला आणि जाता जाता भिंतीवरचं बटण बंद केलं. त्यानंतर कॉम्प्युटर जो रुसला तो रुसलाच. पुन्हा पुन्हा तीच निळी पाटी यायची, मशीन आपोआप बंद व्हायचं आणि परत चालू व्हायचं.

"फॉरमॅट मारून टाक," आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले. कोपऱ्यावरच्या दुकानातला पोरगाही तेच म्हणाला. माझ्या प्रश्नपत्रिका त्यातच अडकलेल्या. शेवटी शेजारच्या वहिनींनी काकांचं नाव सांगितलं.

काका आले, फडकं बांधलं आणि चौकशीला बसले. शेवटचं अपडेट कधी झालं? मध्ये लाइट गेली होती का? मशीन गरम होतं का? आमचे डॉक्टरसुद्धा माणसाला इतकं विचारत नाहीत. शेवटी माईंनी कबुली दिली.

"माई, चालत्या गाडीची साखळी ओढली तुम्ही," काका म्हणाले.

"मग काय, नुसतंच फिरत ठेवायचं का ते? बिल कोण भरणार?" माई काही कच्च्या गुरूच्या चेल्या नाहीत.

मी भीत भीत विचारलं, "काका, फॉरमॅट करायचं का?"

ते माझ्याकडे असे बघायला लागले की मी स्वयंपाकघरात जाऊन चहाच टाकला. फॉरमॅट हा शब्द काकांना शिवीसारखा लागतो. सोसायटीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला चेअरमन साहेबांनी काकांना न विचारता फॉरमॅट मारलं होतं. त्या वर्षी गणपतीत काकांनी चेअरमनच्या हातचा प्रसाद घेतला नाही. "डबा घसरला म्हणून कोणी गाडी जाळतं का?" असं ते आरतीच्या रांगेत सगळ्यांना विचारत होते, आणि ज्यांना काहीच माहीत नव्हतं तेही माना हलवत होते.

काकांची रीत ठरलेली. आधी अपडेटचं सगळं काम थांबवायचं. मग ज्या कप्प्यात त्या खराब फायली साठल्यात तो कप्पा पुसायचा नाही, त्याचं नाव बदलून 'जुना' करायचं आणि बाजूला ठेवायचा. "सायडिंगला लावला," असं म्हणायचं. कॉम्प्युटरला आपला कप्पा सापडत नाही, तो मुकाट्याने नवा तयार करतो. मग काळी खिडकी उघडून एका बोटाने आज्ञा टाइप करायच्या, स्टेशनवर घोषणा करतात तशा एकेक अक्षर मोठ्याने उच्चारत. त्यानंतर तपासणी सुरू होते, टक्के चढायला लागतात आणि काका हाताची घडी घालून मागे टेकून बसतात. हे टक्के एखाद्या आकड्यावर अडून बसले की आपला जीव खालीवर होतो. काका मात्र मजेत असतात. "माल जड हाय. चढाला दम घेते गाडी," म्हणतात आणि चहा मागतात.

त्या दिवशी तेवढ्यात आमच्या ह्यांनी चष्मा पुसायला नेमकं ते लाल फडकं सोडलं.

"अहो साहेब! ब्लॉकमध्ये झेंडा काढला?" काका उभेच राहिले. "खाली माणसं असतात!"

"कुठे आहेत माणसं?" हे टेबलाखाली वाकून बघायला लागले. माई पदराआड हसत होत्या. माझ्या प्रश्नपत्रिका मात्र जशाच्या तशा परत मिळाल्या, आणि तेव्हापासून काका आमच्याकडे घरच्यासारखे झाले.

फक्त रविवारी सकाळी ते कोणाकडेच जात नाहीत. एकदा शाळेच्या निकालाची घाई होती आणि कॉम्प्युटर पुन्हा अडकला होता, म्हणून मी रविवारीच वर गेले. दार उघडंच होतं. काकांच्या स्वतःच्या मॉनिटरला लाल फडकं बांधलेलं, आणि टेबलावरच्या फोनमधून त्यांच्या मुलाचा, प्रशांतचा आवाज येत होता. तो बंगळूरला सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. त्याच्या लॅपटॉपचं अपडेट अडकलं होतं आणि काका इथे बसून इंटरनेटवरून ते दुरुस्त करत होते. मधूनमधून बोलणं चाललं होतं. गुडघा कसा आहे, पोळ्या करणाऱ्या बाई येतात का, नात सायकल शिकली का. टक्के चढत होते तोवर गप्पा चालल्या. पुरे झाले तसा फोन बंद झाला.

"काका, तो स्वतः इंजिनिअर ना? मग त्याला हे जमत नाही?"

काकांनी फडक्याची गाठ सोडली. घडी घालायला बराच वेळ घेतला.

"त्याच्या मशिनला काय झालेलं नसतं, ताई. मला इथून दिसतं ना सगळं. आमची ही होती तोवर त्याचं सगळं बोलणं तिच्याशी. मी फोन उचलला की म्हणायचा, आईला द्या. मी पण लगेच द्यायचो. आम्हाला दोघांना एकमेकांशी बोलताच येत नाय. ती गेल्यावर पहिल्या रविवारी फोन आला, बाबा, अपडेट अडकलंय. तवापासून दर रविवारी अडकतं."

"आणि तुम्ही त्याला सांगितलं नाही?"

"सांगितलं तर मग फोन कशासाठी करेल तो?"

निकालाचं काम न सांगताच मी निघाले, तर काका दाराशी आले आणि म्हणाले, "पण आता बंद होणार ते. त्याला ऑफिसचा नवा लॅपटॉप मिळालाय. त्याची अपडेट्स ऑफिसच करतं. बाहेरच्याला हात लावू देत नायत."

पुढचा आठवडा काकांनी सोसायटीला सळो की पळो करून सोडलं. जिन्यात भेटेल त्याला विचारायचे, "मशीन बरं हाय का? बघू का एकदा?" दूधवाल्याच्या मोबाईलचंही अपडेट तपासलं, म्हणजे स्वतःचंच डिपार्टमेंट सोडलं. माईंना ते सगळं बघवेना. "परत ओढू का गं साखळी?" त्यांनी मला हळूच विचारलं.

रविवारी सकाळी मी थालीपिठांचं निमित्त करून वर गेले. काका पेपर वाचत होते, पण पान उलटत नव्हते. फोन टेबलावर समोर होता. मी ताटली ठेवली, उगाच खिडकीतल्या तुळशीला पाणी घातलं, पंख्याचा आवाज येतो म्हणाले. काका "हं" म्हणाले. नेहमीची वेळ टळून गेली होती. थालीपीठ गार झालं. आपण इथे थांबून यांना जास्त अवघडवतोय असं वाटून मी उठले, आणि फोन वाजला.

काकांनी तो उचलायला इतकी घाई केली की पेपर खाली पडला.

"बाबा," प्रशांत म्हणाला, "तो जुना लॅपटॉप आहे ना माझा, तो देऊन टाकणार होतो. राहू दिला. आज सहज लावला तर अपडेट अडकलंय. बघता का?"

काकांनी त्याच्या मशीनला जोडणी केली. एक बोट पुढे करून काळी खिडकी उघडली, पाहिली. मग माझ्याकडे बघून मान हलवली. काहीही झालेलं नव्हतं.

"प्रशांत," ते घसा खाकरून म्हणाले, "लय बिघाड हाय रे यात. सगळं तपासावं लागेल. वेळ लागेल."

तिकडून खुर्ची ओढून कोणी बसल्याचा आवाज झाला.

"लागू द्या, बाबा," प्रशांत म्हणाला. "मी बसलोय."