केरबाची सहाशेची लेन्स

या मुलांनो, मांडी घालून बसा. एका जंगलात प्राणीच प्राण्यांचे फोटो काढायचे. तिथं केरबा नावाचा रानबोका राहायचा. त्याची लेन्स होती बोटभर, पण पावलं मऊ. तो इतका हळू जवळ जायचा, की पाण्यावर टपलेला खंड्याही जागचा हलत नसे.

एकदा छायाचित्र मंडळाचं प्रदर्शन ठरलं. केरबाने खंड्याचा फोटो नेला. चोचीतल्या माशाच्या डोळ्यात आभाळ दिसत होतं.

मंडळाचे अध्यक्ष होते तात्यासाहेब वानर. त्यांनी फोटो न बघताच बाजूला ठेवला आणि लेन्स हातात घेतली.

“एवढीशीच? वन्यजीवांना सहाशे मिलिमीटरची लागते, केरबा.”

मंडळी हसली. केरबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो तडक धनेश पक्ष्याच्या लेन्सच्या दुकानात गेला. धनेश जुना जाणकार.

“तू जवळ जाणारा गडी,” धनेश म्हणाला. “शंभर-चारशेची घे. गळ्यात अडकवून हिंडशील. सहाशेची लांबच्या पाखरांना ठीक. समोरचा चार-पाच पावलांच्या आत आला, की तिला धड दिसत नाही.”

“तात्यासाहेबांकडे कोणती आहे?”

धनेशाने सुस्कारा सोडला आणि सहाशेची काढून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी केरबाने ती धापा टाकत पाणवठ्यावर नेली, तीन पायांच्या तिकाटण्यावर चढवली. तेवढ्यात रंभाबाई वाघीण आपणहून त्याच्या पुढ्यात येऊन बसली. सोबत दोन नवी पिल्लं.

“अजून कुणाला दाखवली नाहीत,” ती म्हणाली. “पहिला फोटो तू काढ. तू पिल्लांना दचकवत नाहीस.”

केरबाने डोळा लावला. नुसतं पिवळं धुकं.

“बाई, जरा वीस पावलं मागं सरता का?”

वाघिणीला आजवर कुणी मागं सरायला सांगितलं नव्हतं. तिने पिल्लांना पुढं घातलं आणि ती निघून गेली. पुन्हा त्या पाणवठ्यावर आली नाही.

केरबा रडवेला होऊन मंडळात गेला. फोटो एकही नाही, खांद्यावर नुसती लेन्स.

तात्यासाहेब उठून उभे राहिले.

“या, केरबाराव, बसा.”

फोटो कुणी मागितलाच नाही. त्याच बैठकीत त्याला मंडळाच्या फोटो-स्पर्धेचा परीक्षक नेमलं. केरबाला आधी थोडी लाज वाटली. मग चहा आला.

तात्पर्य: फोटो काढायचा असेल, तर आपल्याला पेलेल अशी लेन्स घ्यावी. परीक्षक व्हायचं असेल, तर न पेलणारी.