शेवंतीची पर्स

हुस्नाभाभी पर्ससाठी माप घेत नसत, झडती घेत. "पिशवी उलटी करा," म्हणायच्या. दौंडच्या एका शिक्षिकेच्या पिशवीतून खडूंऐवजी शेंगदाणे निघाले होते. शिवलेल्या चामडी पर्समध्ये तसंच सामान कोंबून त्या ती खुंटीला टांगायच्या. घड्या पडल्या की उरलेल्या जागेत आमचे हे फुलं रंगवायचे, कारण घडीवर रंग तडकतो. "आधी बाईचा बोजा कळू द्या, मग फुलं," हे भाभींचं पालुपद.

आमचे हे शिरूरचे पेंटर. फ्लेक्स आल्यावर पाट्या बंद पडल्या, माणूस कोमेजला. भाभींनी कामाला बोलावलं आणि पुन्हा भांग पाडायला लागला. जेवताना म्हणायचे, "भाभींचा टाका म्हणजे टाका." माझ्या भाकरीबद्दल असं कधी ऐकलं नव्हतं.

मी तेव्हा पंचेचाळिशीची, सून आणायच्या वयाची, आणि अक्कल परकरातल्या पोरीची. रोज पाळतीवर जायचे. कधी यांचा डबा, कधी चष्मा. एकदा तर भर उन्हाळ्यात छत्री घेऊन. भाभी चहा द्यायच्या. तो पीत मी दोघांतलं अंतर जोखायचे. मधे चामड्याचा ढीग असायचा, तरी समाधान होत नसे.

खुंटीला एक तपकिरी पर्स कायम लटकलेली. तिच्यावर पिवळी शेवंती. मला यांनी आयुष्यात साधं पानही काढून दिलं नव्हतं.

"कुणाची ही?"

"हाय एकीची," भाभी म्हणाल्या. "घडी पडंना अजून."

हे मान खाली घालून ब्रश धुवायला लागले. झालं, माझी खात्री पटली.

एकदा हे रंग आणायला गेले, तेव्हा मी पर्स ओढून उलटी केली. अडकित्ता, गुडघ्याचं मलम, चष्म्याचं घर आणि घडीची छत्री. माझ्याच पिशवीतल्यासारखं सगळं.

"तुमचीच हाय, वैनी," भाभी म्हणाल्या. "कवाच झाली. पेंटरसाब म्हनत्यात देऊन टाका. मीच त्यांना गप बसवलं."

"का?"

त्या सुईत दोरा ओवत राहिल्या. "रोज तिच्याकडं बघत बसता. मिळाली की कशाला येताय? बाया पर्स घेऊन जात्यात. चहाला माघारी कोन येत न्हाई."

मी पर्स खांद्याला लावून पाहिली. मग सामान परत कोंबलं आणि ती खुंटीला टांगली.

"पट्ट्यापाशी घडी कच्ची वाटतीय," मी म्हणाले.

भाभींनी चहाचं आधण ठेवलं.

आता वयामुळे हे घरीच असतात. मी रोज घडी बघून येते. "एवढं काय असतं तिथं?" हे कुरकुरतात. जळतात जरासे. जळू देत.