भैयाजींची दाद

भैयाजी काळबांडे यांनी एकदा चक्क शोकसभेत 'क्या बात है!' म्हटलं.

बोलणारा मनुष्य मृताचा साडू होता आणि खरोखरच छान बोलत होता. गेलेल्या माणसाच्या साधेपणाचा एक प्रसंग त्याने असा रंगवून सांगितला की सभेतले दोनचार पदर डोळ्यांना लागले. नेमक्या त्या क्षणी पहिल्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "क्या बात है! फिरून सांगा जी!" साडू इतका गोंधळला की त्याने तो प्रसंग खरंच पुन्हा सांगितला. सभा संपल्यावर तो भैयाजींना शोधत आला. मला वाटलं, आता मारामारी होणार. पण त्याने भैयाजींचा हात हातात घेतला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही.

हे भैयाजी नागपूरच्या रामदासपेठेत माझे शेजारी. दोन घरांमध्ये भिंत एकच. मी कॉलेजात शिकवतो, ते संत्र्याचे व्यापारी. काटोलकडे जाऊन फळ झाडावर असतानाच उभे बगीचे विकत घ्यायचे आणि संत्री ट्रकने बाहेरगावी पाठवायची, हा त्यांचा धंदा. हा धंदा नावं ठेवण्याचा आहे. बगीच्यात शिरल्यापासून फळ बारीक, साल जाड, झाड रोगट असं म्हणत फिरायचं आणि शेवटी अत्यंत दुःखी चेहऱ्याने भाव सांगायचा. भैयाजी यात इतके तरबेज होते की बागवाल्याला आपण संत्री लावली की लिंबं, असा प्रश्न पडावा.

संध्याकाळी मात्र हाच माणूस धुतलेलं धोतर नेसून, काळी टोपी घालून गाण्याला निघे. मग दिवसभरात कुणाच्याही वाट्याला न आलेलं सगळं कौतुक बाहेर पडे. "दिवसभर लोकायले नावं ठेवतो न जी," ते म्हणत, "त्याचं पाप फिटाले नको का?" त्यांची दाद कधी चुकत नसे. अमुक एका जागी गवई स्वर लावतो न लावतो, तोच पहिल्या रांगेतून 'क्या बात है!' येणारच. मुंबई-पुण्याचे गवई स्टेशनावर उतरले की आधी चौकशी करत, "ते टोपीवाले येणार आहेत ना?" शहरातले जाणकार त्यांना मानत. मी तर त्यांच्याशेजारी बसून त्यांच्यावर नजर ठेवी आणि त्यांची मान हलली की आपलीही हलवी. त्या जोरावर आमच्या संगीत मंडळाचा चिटणीस झालो.

अशात मंडळाने मिस रणपिसे यांचा पियानोचा कार्यक्रम ठरवला.

मिस मंजुळा रणपिसे मूळच्या इथल्याच, सदर भागातल्या. तरुणपणी पियानो शिकायला विलायतेला गेल्या, तिथे मोठमोठ्या सभागृहांत वाजवलं, स्वतः रचना केल्या, नाव काढलं. आई आजारी पडली म्हणून परत आल्या. आई गेली, पण बाई इथेच राहिल्या आणि शाळेत मुलींना गाणी शिकवू लागल्या. आपल्या गावात त्यांनी कधी जाहीर वाजवलं नव्हतं. मुळात कुणी विचारलंच नव्हतं.

आमचे अध्यक्ष निवृत्त जज्ज होते. त्यांच्या घरी पाश्चात्त्य संगीताच्या रेकॉर्डींचं कपाट होतं, त्यामुळे या विषयात त्यांचाच निकाल अखेरचा. मिस रणपिसेंवर विलायती वर्तमानपत्रांत जे छापून आलं होतं, त्याचं त्यांनी स्वतः मराठी भाषांतर करून बैठकीत वाचलं. त्यात 'संयत भावोत्कटता' होती, 'रचनेचं वास्तुशिल्प' होतं आणि 'शीतल तेजस्विता'सुद्धा होती. भैयाजींनी सगळं मन लावून ऐकलं आणि मला हळूच विचारलं, "प्रोफेसर, हे चांगलं म्हनून राहिले का वाईट?"

मग जज्जसाहेबांनी नियम सांगितला. या संगीतात मध्ये बोलणं हा गुन्हा. एका रचनेचे दोन-तीन भाग असतात, भाग संपला म्हणजे रचना संपली असं नाही. तेव्हा शेवट कुठे आहे ते जज्जसाहेब ओळखतील, ते पहिली टाळी वाजवतील आणि मगच इतरांनी वाजवायची. सगळ्यांचे डोळे भैयाजींकडे वळले. त्यांना मागच्या रांगेत बसवावं, अशी सूचना आली. एकाने तर त्यांना त्या दिवशी काटोलला पाठवायचं सुचवलं.

पण भैयाजींशिवाय कार्यक्रमच होत नव्हता. पियानो सदरला शाळेत, सभागृह धंतोलीत. तो आणायला कुणी तयार होईना. शेवटी भैयाजींनी आपला ट्रक काढला, त्यात गुडघाभर भाताचं तणस पसरलं आणि संत्र्यांसारखा तो पियानो तणसात बसवला. मिस रणपिसे काळजीने ट्रकमध्येच चढल्या आणि पियानोला धरून उभ्या राहिल्या. भैयाजी ड्रायव्हरला ओरडत होते, "हळू चाल गा! माल नाही, बाईचा जीव हाये त्यात!" वाटेतल्या पुलावरसुद्धा एकही धक्का बसला नाही. एवढं केल्यावर माणसाला मागे कसं बसवणार?

शेवटी मीच त्यांच्याकडे गेलो. "भैयाजी, शब्द द्या. एक अक्षर बोलणार नाही."

"काहून? बाईनं काही पाप केलं?"

"तिकडची पद्धत आहे ती."

त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. मग म्हणाले, "ठीक हाये. खर्रा भरून बसतो. तोंडात खर्रा असला का मले बोलताच येत नाही." खर्रा म्हणजे आमच्याकडची सुपारी, तंबाखू, चुना एकत्र घोटून केलेली चीज. जज्जसाहेबांनी नाक मुरडलं, पण अटीवर परवानगी दिली: थुंकायचं नाही.

कार्यक्रमाच्या आधी मिस रणपिसे आत एकट्याच बसल्या होत्या. मी पाणी विचारायला गेलो. शेवटची रचना त्यांची स्वतःची होती, 'नागपूरची दुपार'.

"ही मी तिकडे असताना लिहिली," त्या म्हणाल्या. "बाहेर बर्फ होता आणि मला आमच्या घरच्या दारावरची, पाणी मारून गार केलेली वाळ्याची ताटी आठवत होती. पण तिकडे कधी वाजवली नाही. घरच्यांनीच आधी ऐकावी, असं वाटलं. तिकडचे लोक दुसऱ्या दिवशी छान लिहायचे हो, पण ते आपण सकाळी एकट्याने चहा पिताना वाचायचं. आज इथं आवडली नाही ना, तर मी ती परत उघडणार नाही. आणि पुढचं काही लिहिणारही नाही. पुरे झालं."

हे त्या इतक्या साधेपणाने म्हणाल्या की मी पाणी विचारायचंच विसरलो. सभागृहात दोनशे लोक होते आणि सगळ्यांना गप्प बसायची ताकीद देऊन ठेवलेली.

पडदा उघडला. बाईंनी पियानोचं झाकण उचललं तर आतून तणसाची एक काडी आणि संत्र्यांचा वास बाहेर आला. पहिल्या रचना पार पडल्या. त्या जज्जसाहेबांच्या कपाटातल्याच होत्या, त्यामुळे त्यांची टाळी वेळेवर पडत होती आणि मागोमाग आमची. भैयाजी गाल फुगवून, डोळे मोठे करून बसले होते. त्यांच्या गळ्याखालची शीर नुसती उडत होती, पण शब्द म्हणून फुटला नाही.

मग 'नागपूरची दुपार' सुरू झाली. मला पियानोतलं काही कळत नाही, पण ती दुपार मला कळली. आधी उन्हाचा रखरखाट, मग कुठूनतरी ताटीवर मारलेलं पाणी आणि मग ते पाणी थेंबाथेंबाने निथळू लागलं. एकच स्वर, टप्. पुन्हा टप्. मधलं अंतर वाढत गेलं. आख्खं सभागृह पुढच्या थेंबाची वाट पाहत होतं. एक थेंब पडला. मग शांतता.

ती शांतता लांबली. आम्ही सगळे जज्जसाहेबांकडे पाहत होतो. जज्जसाहेब पियानोकडे पाहत होते. ही रेकॉर्ड त्यांच्या कपाटात नव्हती. अजून एक थेंब पडणार की नाही, हे त्यांनाही माहीत नव्हतं. मिस रणपिसेंनी हात मांडीवर घेतले. त्यांनी एकदा मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि दोनशे माणसं त्यांच्याकडे दगडासारखी पाहत राहिली. त्यांची मान हळूहळू खाली जाऊ लागली. मला त्यांचं मघाचं बोलणं आठवलं, पण चिटणिसाची टाळी अध्यक्षांच्या आधी कशी पडणार?

शेजारी घट् असा मोठा आवाज झाला. भैयाजींनी खर्रा गिळला होता.

"क्या बात है!" ते ओरडले. उभेच राहिले. "क्या बात है, मिसबाई! माह्या अंगावर पानी उडालं न जी! फिरून! फिरून होऊ द्या!"

जज्जसाहेबांनी कपाळाला हात लावला. पण मिस रणपिसे हसल्या आणि मग डोळे पुसू लागल्या. टाळ्यांनी सभागृह दणाणून गेलं. त्यांनी ती दुपार खरंच फिरून वाजवली. भैयाजींना तोवर तंबाखू चढला होता, ते खुर्चीला धरून उचक्या देत होते आणि प्रत्येक थेंबाला एक उचकी पडत होती. कुणीही तक्रार केली नाही.

घरी परतताना मी त्यांना रिक्षात धरून बसलो होतो. "भैयाजी, जज्जसाहेबांना कळलं नाही, ते तुम्हाला कसं कळलं?"

"काय?"

"रचना संपली ते."

"मले कुठी काय समजते?" ते म्हणाले. "प्रोफेसर, तुमाले म्हनून सांगतो, मले सूर समजत नाही. सा कोनता आन् रे कोनता, आजवर समजला नाही."

मी सर्दच झालो. ज्यांच्याकडे पाहून मी आयुष्यभर मान हलवली, त्यांना स्वर कळत नव्हता.

"मंग दाद कशी देता?"

माझ्याही तोंडून 'मंग' निघून गेलं, इतका मी हबकलो होतो.

"तोंडाकडे पायतो," भैयाजी म्हणाले. "बगीच्यात भाव सांगतो न, तवा मी झाडाकडे पायतच नाही, बागवाल्याच्या तोंडाकडे पायतो. गानाऱ्याचंही तसंच. जीव लावून काही केलं का तो एकडाव वर पायते. एकच डाव. तवा कोनी दिसलं नाही, तर तो पुन्हा पायत नाही जी. आज बाईनं पायलं. तुमी सारे जज्जाकडे पाहून राहिले होते."

दुसऱ्या दिवशी पियानो तणसातून परत गेला आणि संध्याकाळी मिस रणपिसे भैयाजींचे आभार मानायला आल्या. मीही भिंतीपलीकडून गेलो. भैयाजी एकटे राहत. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, मुलगा दूर नोकरीला. स्वयंपाक स्वतःच करत. त्यांच्या पाटवडीचा रस्सा आमच्याकडे वाटीतून येई आणि वाटी धुऊन परत जाई.

त्यांनी बाईंना तेच वाढलं. बेसनाच्या वड्या, वर लालभडक तर्री. मिस रणपिसेंनी पहिला घास घेतला. भैयाजी हातात पळी घेऊन भिंतीला टेकून उभे होते आणि फरशीकडे पाहत होते. मग त्यांनी एकदा वर पाहिलं.

मी ते पाहिलं. बाईंनीही पाहिलं.

"क्या बात है, भैयाजी!" त्या म्हणाल्या.

भैयाजींनी तोंड उघडलं, पण या खेपेला तोंडात खर्रा नसूनही त्यांना बोलता येईना. "भाकर आनतो," असं काहीतरी पुटपुटत ते आत गेले. भाकरी ताटातच होती. आतून भांड्यांचा उगीचच आवाज येत राहिला, मग तोही थांबला.

बऱ्याच वेळाने स्वयंपाकघरातून आवाज आला, मुळीच खणखणीत नव्हे.

"मिसबाई, फिरून म्हना न जी."