पाय दिसतील अशी खुर्ची

आमची शेजारीण कुसुम नाट्यगृहातली खुर्ची बघते ती सोयरिकीला स्थळ बघितल्यासारखी. पुढून बघते, मागून बघते, बसून बघते आणि बहुतेक वेळा नापसंत करते. कार्यक्रमाच्या पंधरा दिवस आधी ती बदलापूरहून उल्हासनगरला जाते, तिथल्या रखवालदाराला चहा पाजते आणि रिकाम्या हॉलमध्ये एकेका खुर्चीत बसत सुटते. तिकीट त्यानंतर.

"अंगावर चढवल्याशिवाय माप कळत नाही," असं ती म्हणते. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या जीन्सच्या कारखान्यात तिने तीस वर्षं पँटींना पट्टे लावले. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू तिला आधी घालून बघायची असते.

तिची उंची साडेचार फूट. त्यातले दोन इंच अंबाड्याचे. मी उंच आहे, म्हणून ती मला बरोबर नेते. त्यात प्रेमाचा काही भाग नाही. मला पुढच्या रांगेत बसवते आणि स्वतः माझ्या मागे बसून आपल्याला किती दिसत नाही ते बघते.

"ताई, ताठ बस."

"ताठच बसलेय."

"मान हलव जरा. लोक हलवतात."

"आता नाचून दाखवू का?"

"नको. रखवालदार पळून जाईल."

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर बॅलेसाठी. अंबरनाथला एक बाई मुलींना बॅले शिकवतात. वर्षातून एकदा या मुलींचा कार्यक्रम उल्हासनगरला होतो. बॅले म्हणजे काय ते मला कुणी सांगितलं नव्हतं, मी बघून सांगते. चवड्यांवर उभं राहायचं, घुंगरू नाहीत, गाणं नाही, तोंड उघडायचं नाही. बारा मुली, बाराही सारख्या. सारखे पांढरे झगे, डोक्यावर ओढून बांधलेले सारखे अंबाडे, तोंडाला सारखा रंग. आईबापालाही पोर ओळखायला वेळ लागावा.

त्या बारांत एक कुसुमची नात आहे.

ती जन्मली तेव्हा तिचा डावा पाय आत वळलेला होता. तळवा वर बघायचा. कुसुम दर आठवड्याला तिला घेऊन इस्पितळात जायची, जुनं प्लास्टर काढून नवं घालायचं. प्लास्टरं संपली तेव्हा बूट आले, दोन्ही बुटांना जोडणारी एक लोखंडी पट्टी. ते घालून पोरीला झोपवायचं. पोर रडायची, कुसुम मांडीवर घेऊन बसायची. डॉक्टर म्हणाले होते, पाय सरळ होईल, पण बारीक राहील, टाच थोडी आत राहील, ओळखू येईल.

पोर चार वर्षांची असताना कुसुमचा मुलगा काविळीने गेला. वर्षभराने सुनेने दुसरं लग्न केलं. नव्या घरी पोरीला सांगितलं की हाच तुझा बाप. आडनाव बदललं. कुसुमने यायचं नाही असं ठरलं. सात वर्षं झाली त्याला. नाही म्हणायला सुनेचा एकदा फोन आला होता. "पोरीला नाचायला घातलंय आई. लोकांसारखं तिकीट काढून या. भेटायला मात्र येऊ नका."

मी त्या सुनेला शिव्या दिल्या. कुसुम म्हणाली, "तिचं बरं चाललंय ना ताई, मग आपण कशाला मधे?" मी असते तर त्यांच्या दारात जाऊन बसले असते. पण मी कुसुम नाही.

तर अशी गोष्ट आहे. तोंडावरून पोर ओळखायची नाही, पाच वर्षांची होती तेव्हाचं तोंड आता कुठलं राहणार? पायावरून ओळखायची. म्हणून पाय दिसले पाहिजेत, आणि साडेचार फुटाच्या बाईला नाट्यगृहात पाय दिसणं फार अवघड आहे.

पहिल्या वर्षी तिने सगळ्यात पुढची खुर्ची घेतली. पुढं कुणी नाही म्हणजे सगळं दिसणार, असा हिशेब. स्टेज तिच्या कपाळाएवढं उंच. मुली तिला गुडघ्यापासून वर दिसल्या. "बारा मुली, चोवीस गुडघे," असं ती घरी येऊन म्हणाली आणि न जेवता झोपली.

दुसऱ्या वर्षी मधली रांग घेतली. पुढं एक गृहस्थ येऊन बसले, पाठ अशी की कपाटच. ते कमी होतं म्हणून नाच सुरू झाल्यावर त्यांनी फोन वर धरला. त्या दिवसापासून कुसुमचं मत असं, की माणूस एक वेळ बुटका असेल, त्याचा फोन उंचच असतो.

तिसऱ्या वर्षी बाल्कनी. वरून पाय दिसतील हे खरं. पण पहिल्या रांगेपुढं लोखंडी कठडा, नेमका तिच्या डोळ्यांसमोर. ती त्याच्या खालून बघायला वाकली तर खुर्चीवरून घसरली. मग तिने घरून आणलेली उशी काढली, जीन्सच्या चिंध्या भरलेली, दगडासारखी. ती खाली घेऊन बसली तर मागून एक बाई ओरडली, "ओ काकी, खाली बसा की! तुमच्यामुळे काही दिसत नाही!"

कुसुमने उशी काढली. नाच दिसला नाही. पण आठ दिवस आमच्या कात्रपमधल्या भाजीवालीपासून पोळीभाजी केंद्रापर्यंत सगळ्यांना सांगत होती, "माझ्यामुळे दिसेना त्या बाईला! माझ्यामुळे!" जन्मात पहिल्यांदा ती कुणाच्या तरी आड आली होती.

यंदा आम्ही तीन वेळा गेलो. शेवटी खुर्ची सापडली. सातवी रांग, मधल्या आडव्या वाटेच्या मागची, आणि रांगेत कडेची. पुढं वाट असल्यामुळे डोकं नाही. जमीन तिथूनच चढायला लागते. कडेला असल्यामुळे तिरकंही बघता येतं. पाय टेकत नाहीत म्हणून खाली ठेवायला तिने एक डबा आणला होता. बसली, मला सहाव्या रांगेत ताठ बसवलं, मान हलवायला लावली, मग म्हणाली, "हीच."

खिडकीवरचा तिकीटवाला सिंधी. तो तिला ओळखायला लागलाय. म्हणाला, "अम्मा, सीट लेनी है, फ्लैट नहीं."

"फ्लॅट में मेरे आगे कोई नहीं बैठता, साईं."

त्याने तिकीट फाडलं. शेजारचं माझं.

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी होता. आधी पाहुण्यांना शाली घातल्या, नारळ दिले, भाषणं झाली. पाहुणे एवढे होते की शाली पुरल्या याचंच नवल. कुसुम हलली नाही. दोन्ही हात मांडीवर, नजर स्टेजच्या फळ्यांवर.

मग दिवे मालवले आणि बारा मुली आल्या.

खुर्ची खरंच चांगली होती. फळीपासून अंबाड्यापर्यंत सगळं दिसत होतं. बोटं टेकताना दिसत होती. कुसुमचं लांबचं बघणं माझ्यापेक्षा चांगलं आहे. मी तिच्याकडे बघितलं तर तिचं एक बोट मांडीवर हळूहळू सरकत होतं. एक, दोन, तीन, बारापर्यंत. मग बारापासून मागे एकपर्यंत. मग पुन्हा. मुली जागा बदलायच्या, ती पहिल्यापासून मोजायला लागायची.

पडदा पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुसुमने नाही.

"कोणती गं?" मी विचारलं.

"सगळ्यांचे पाय सरळ आहेत," ती म्हणाली.

"मग यंदा आली नसेल."

"बाराच्या बारा आहेत ताई. दरवर्षी बाराच असतात."

"नीट बघितलंस?"

"चार वेळा बघितलं. कुणाची टाच आत नाही. कुणाची पोटरी बारीक नाही." मग म्हणाली, "डॉक्टर म्हणाले होते, थोडं राहील. काही नाही राहिलं."

मला वाटलं ती रडेल. मला रडणाऱ्या बायकांचं काय करायचं ते कळत नाही, म्हणून मी म्हटलं, "बरं झालं की मग."

"बरंच झालं."

तेवढ्यात पडदा पुन्हा उघडला आणि मुली नमस्कार करायला ओळीने उभ्या राहिल्या. आता कुसुमने टाळ्या वाजवल्या. पहिलीकडे बघून वाजवल्या, दुसरीकडे बघून वाजवल्या, एकेक करत शेवटच्या मुलीपर्यंत गेली. एकीलाही वगळलं नाही. बाकीचे लोक थांबले तरी तिच्या चालूच होत्या. पुढच्या रांगांतल्या दोघांनी वळून बघितलं.

कार्यक्रम संपला, आम्ही बाहेर आलो. दाराशी मुलींच्या आया फुलं घेऊन उभ्या होत्या. त्यांत तिची सून असेलही. कुसुमने मान वर केली नाही, पदर सारखा केला आणि त्यांच्यामधून वाट काढली.

रिक्षाच्या रांगेत मी विचारलं, "पुढच्या वर्षी यायचं का?"

"यायचं ना."

"तीच खुर्ची सांगून ठेवू त्या साईंला?"

"नको," ती म्हणाली. "आता कुठंही बसलं तरी चालतंय."