वेल्सचं चूलबंद आवतन

प्राध्यापक सिद्धेश्वर वर्षभर ब्रिटनमधल्या वेल्समध्ये संशोधन करून आले आणि आल्या आल्या त्यांनी जळकोटात तिथल्या फोटोंचा 'वेल्स महोत्सव' मांडला. लातूर नुकताच जिल्हा झालेला. नवे कलेक्टरसाहेब म्हणाले होते, गर्दी दिसली तर तुमचं संशोधन केंद्र मंजूर. पण ऐन दुष्काळात परमुलखातल्या मेंढरांचे फोटो बघायला कोण येतंय डोंबलाचं! म्हणून सिद्धेश्वरांनी केरबाला दवंडी द्यायला सांगितली : प्रवेश मोफत, सहकुटुंब या.

केरबाचा जन्म दवंडीत गेलेला. सहकुटुंब म्हटल्यावर त्यानं रिवाजाप्रमाणे आपल्या पदरचं जोडलं, "चूलबंद आवतन हाय होऽ!" म्हणजे घरी चूल पेटवायची नाही, झाडून सगळ्यांनी जेवायलाच यायचं.

सकाळीच सारं गाव मांडवात लोटलं. सिद्धेश्वर हरखले. पण लोक फोटोंकडे पाठ करून ओळीनं मांडी घालून बसले.

"अहो, उठा, बघा की!"

"आधी वाढा, मंग बघताव," पहिल्याच ओळीतली सरजाबाई म्हणाली. "उपाशीपोटी मेंढरं बघून काय करू?"

 सिद्धेश्वरांनी केरबाला गाठलं. "चूलबंद कोणी सांगितलं तुला?"

"सर, बायकापोरांसगट बोलवायचं अन् नुसती हवा खाऊ घालायची? मलाच लाज वाटली की!"

वेळ मारून न्यायला सिद्धेश्वरांनी वेल्सच्या गाण्यांची टेप लावली. पंगतीनं भक्तिभावानं हात जोडले. गाणं संपताच गलका झाला, "श्लोक झाला, वाढा आता!"

घाबरून ते माइकवर ओरडले, "हा वेल्सचा महोत्सव आहे! तिथं रोज पाऊस, जिकडे तिकडे चिखल, ज्वारी उगवतच नाही!"



"अगं बया!" सरजाबाई कळवळली. "तिथं तर वला दुष्काळ हाय! कशाच्या जिवावर वाढतील बिचारे?"

सगळे उठले आणि निघून गेले. नेमकी तेव्हाच साहेबांची जीप आली. रिकामा मांडव बघून साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. सिद्धेश्वरांना वाटलं, केंद्र गेलं!

तेवढ्यात गाव परत आलं, घराघरातल्या कालच्या उरलेल्या भाकरी घेऊन.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"वेल्सला मदत, साहेब," केरबा म्हणाला. "आमचा कोरडा, त्यांचा वला. दोन्ही दुष्काळच की."

साहेबांचे डोळे भरून आले. "सिद्धेश्वर, केंद्र मंजूर! वेल्स मदत केंद्र! उद्यापासून भाकरी गोळा करायच्या, तुम्ही प्रमुख!"

 सरजाबाईनं सिद्धेश्वरांच्या हातावर भाकरी आणि ठेचा ठेवला.

"आधी तुमी खा, सर. वरीसभर तिथं राहून पार काडी झालाव."